बुडत्या हेलिकॉप्टरांतून सुटका



मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत तेलविहिरी आहेत व तेथें काम करणाऱ्यांची ने-आण हेलिकॉप्टरानें होते, हें आपणांस ठाऊक आहेच. २८ जून २०२२ रोजीं असेंच एक हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ या तेलमंचाजवळ समुद्रांत पडलें. आंतील ९ जणांपैकीं ४ दगावले. अशा अपघातांविषयीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आपटण्याचा आघात सोसण्यासारखा असला तरीहि माणसें मरतात, आणि तीं बहुधा बुडून मरतात. खिडकी हाताशीं असतां ती सांपडूं नये, असें कां व्हावें?

हेलिकॉप्टराचीं जड यंत्रें माथ्यावर असल्यामुळें पाण्यांत पडतांच तें पुष्कळदां उलटें होतें. प्रवासी पट्ट्यानें बांधलेला, डोकें खालीं, भोंवतीं अंधार, नाकांत पाणी. वस्तुतः खिडकी त्याच्या ज्या हाताला होती त्याच हाताला अजून असते. परंतु तोलाचें ज्ञान गोंधळल्यामुळें मनाला तें उमजत नाहीं. म्हणून शिकवितात कीं, आधींच एका हातानें खिडकीची कड धरावी व ती सोडूं नये. खिडकी मोकळी होईपर्यंत पट्टाहि सोडूं नये; कारण सुटलेलें शरीर तरंगूं लागतें व ढकलावयास आधार राहत नाहीं. तरंगण्याचें जाकीट बाहेर पडल्यावरच फुगवावें. आंत फुगविल्यास तेंच मनुष्यास वर दाबून धरतें.

नियम सोपे आहेत. पण घाबरलेल्या मनाला नियम आठवत नाहींत, सवय आठवते. पट्ट्याची कळ पोटावर असतां हात मोटारींतल्याप्रमाणें कमरेपाशीं चांचपडतो. थंड समुद्रांत तर छाती आपोआप श्वास ओढते. एरवीं मिनिटभर दम धरणाऱ्यांपैकीं अनेकांना तेथें २० सेकंदहि तो धरवत नाहीं.

२३ ऑगस्ट २०१३ रोजीं शेटलंड बेटांजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रांत पडून १८ पैकीं ४ जण मृत्यु पावले. त्यानंतर ब्रिटननें समुद्रावरील अशा प्रवासांत अधिक चांगलें श्वसनसाधन आवश्यक ठरविलें, आणि रुंद खांद्यांच्या प्रवाशांस मोठ्या खिडकीशेजारीं बसविण्याचा नियम केला.

साधनें मनुष्याच्या स्वभावास जुळावींत, हें खरें. परंतु हातांना सवय लागते ती तालमीनेंच. त्यासाठीं तलावांत हेलिकॉप्टराची प्रतिकृति बुडवून उलटी करतात व तींतून बाहेर पडावयास शिकवितात. ज्यांच्या घरचें माणूस या कामावर जातें त्यांनीं त्यास एवढें अवश्य विचारावें: पाण्याखालची तालीम शेवटची कधीं झाली?