स्वेटरवाल्या ताईंचा दहा मार्च

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या गोंदियाच्या बाजारात स्वेटरवाल्या बाया येऊन बसतात. तुमच्याही गावात येत असतील. आपण जातो, लोकर चोळून बघतो, आतली शिवण उलटून बघतो आणि मग घासाघीस करतो. मी तरी करतेच. माझ्या ठरलेल्या स्वेटरवालीशी मी आठ-दहा हिवाळे घासाघीस केली, आणि घरी सांगताना तिला सरळ ‘ती नेपाळीण’ म्हणत आले. एकदा माझ्या मुलाच्या छातीचं माप घेता घेता ती म्हणाली, “ताई, मी नेपाळची नाही जी. तुमच्याच जिल्ह्यातली आहे. गोठणगावजवळची.”

मी शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते. माझी काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच समजा.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या मुलखात नोरग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. आपला गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली. म्हणजे जिल्ह्यापेक्षा वसाहतच जुनी! महाराष्ट्रात तिबेट्यांची अशी ही एकच वसाहत. बर्फातली माणसं आणि आमच्या झाडीपट्टीचं मे महिन्यातलं ऊन! पण राहिली. पावसाळ्यात धान लावायचं आणि थंडीत लोकरीची गाठोडी घेऊन गावोगाव जायचं, असं त्यांचं वर्ष चालतं.

त्या ताईंनी मला बोलावलं ते १० मार्चला. “एक दिवस या ना, आम्ही चालतो त्या दिवशी.” दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. मार्च म्हणजे परीक्षा, पापड-कुरडयांची तयारी, पाहुणे. २०२४ साली मात्र १० तारखेला रविवार आला. यजमानांना म्हटलं, आज आमटी-भात तुमच्याकडे, आणि सकाळची बल्लारशा गाडी धरली. महाशिवरात्र नुकतीच ८ तारखेला झालेली. प्रतापगडच्या यात्रेतल्या फुग्यांचे तुकडे अजून रस्त्याच्या कडेला पडले होते.

वसाहतीत पोहोचले तर मी ताईंना ओळखलंच नाही. बाजारात ती सलवार-कुडत्यावर जुनं जाकीट चढवून बसते. इथे पायघोळ चुबा घातलेला आणि कमरेला आडव्या रंगीत पट्ट्यांचा पांग्देन बांधलेला. हा पांग्देन परंपरेने लग्न झालेल्या बाईनेच बांधायचा असतो. “तुमचं मंगळसूत्र, आमचं हे,” ती म्हणाली. पट्टे इतके सुरेख जुळलेले, की त्या गंभीर दिवशीही माझ्या मनात आलं, असं विणायचं कसं? (विचारलं मी नंतर. अरुंद पट्टे वेगवेगळे विणून मग जोडतात.)

आधी प्रार्थना झाली. हिमसिंहांचा झेंडा आणि आपला तिरंगा शेजारी शेजारी होते. धरमशालेहून आलेलं निवेदन वाचलं गेलं, मृतांसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. मग लोक चालायला लागले. पुढे भिक्षू, मागे बाया, पोरं, म्हातारी माणसं. घोषणा होत्या, पण आरडाओरडा नव्हता. आपल्या मिरवणुकांची सवय असलेल्या मला ते फार हळू वाटलं. एक छोटा मुलगा झेंड्याची काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता आणि शेजारणीला अगदी आपल्या मराठीत सांगत होता, “मले तहान लागली.”

हे चालणं कशासाठी? १० मार्च १९५९ रोजी ल्हासा शहरात हजारो लोक दलाई लामांच्या नोरबुलिंगका महालाभोवती जमले. चिनी लष्कराने त्यांना छावणीत नाटकाला बोलावलं होतं, आणि लोकांना भीती, की तिथून ते परत येणार नाहीत. माणसांनी आपल्या अंगाचीच भिंत केली. दोन दिवसांनी, १२ मार्चला, ल्हासाच्या बायका पोटाला महालासमोर एकत्र आल्या. तुमच्या-आमच्यासारख्या घरच्या बायका, हजारोंनी. त्यांतल्या पुढारी गुर्तेंग कुनसांग सहा मुलांची आई होती. तिला पुढे पकडून गोळ्या घातल्या. १७ तारखेच्या रात्री दलाई लामा निसटले, २० तारखेला तोफा सुरू झाल्या, आणि महिनाअखेर ते भारतात पोहोचले. मागोमाग माणसांची रीघ लागली.

मेले किती, यावर अजून वाद आहे. निर्वासित तिबेटी सरकार चिनी अमलातल्या वर्षांचे सगळे मिळून बारा लाख सांगतं; सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. चीन तर २००९ पासून २८ मार्च हा मुक्तीचा सण म्हणून साजरा करतो. पण १९६० साली आंतरराष्ट्रीय विधिज्ञांच्या आयोगाने नेमलेल्या समितीने पळून आलेल्यांच्या साक्षी तपासल्या. त्या समितीचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे वकील, समाजवादी चळवळीतले पुरुषोत्तम त्रिकमदास. समितीने तोलूनमापून लिहिलं: वंश म्हणून नष्ट केल्याचा पुरेसा पुरावा नाही, पण धर्मसमूह म्हणून तिबेट्यांना नष्ट करण्यासाठी वंशसंहाराची कृत्यं झाली आहेत. आपल्या माणसाची सही असलेली ही गोष्ट, आणि बी.ए.ला इतिहास घेऊनही मला ती ठाऊक नव्हती.

मिरवणूक परतताना एका घराच्या दारात खुर्चीवर ताईंची आई बसलेली दिसली. सगळे तिला आमा-ला म्हणतात. अकरा वर्षांची असताना ती डोंगर ओलांडून आली. पुढे हिमाचलात रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली. दरवर्षी चालायची, त्या वर्षी गुडघ्यांनी ऐकलं नाही. लोक समोरून जायला लागले तशी ती चौकटीला धरून उभी राहिली आणि शेवटचं पोर जाईपर्यंत बसली नाही.

मग चहा. मीठ-लोण्याचा. पहिला घोट जड गेला, खरं सांगते. चहा म्हणून न पिता कढण म्हणून प्यावा, मग जमतो. तिथे खरी गोष्ट निघाली. ताईंचा जन्म १९७६चा, इथलाच. १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. म्हणजे अर्ज केला तर ताईंना आपला पासपोर्ट मिळू शकतो, आणि आई भारतीय म्हटल्यावर मुलीचाही मार्ग मोकळा होतो. मुलगी बंगलोरला नर्स आहे, परदेशी नोकरी बघते आहे. पासपोर्टवाचून तिचं अडलं आहे. पण २०१७ साली परराष्ट्र खात्याने घातलेल्या अटींत निर्वासिताचं नोंदणीपत्र परत करायचं आणि वसाहतीत राहायचं नाही, अशाही अटी होत्या.

“आमा-लाला कुठे नेऊ?” ताई म्हणाल्या. “आणि दहा मार्चला मी कुठून चालू?”

“मुलीचं नुकसान होईल,” मी म्हटलं. मास्तरणीची सवय, दुसरं काय! त्या काही बोलल्या नाहीत. आमा-लाने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

त्या हिवाळ्यात त्या बाजारात आल्या तेव्हा मी घासाघीस केली नाही, तर उलट त्याच बिचकल्या. “काय झालं ताई, तब्येत बरी आहे ना?” मग आपणहूनच पन्नास रुपये कमी केले. अर्जाचं विचारलं. म्हणाल्या, सगळा भरून ठेवला आहे, सही तेवढी राहिली. आमा-ला अजून चार पावलं चालते. एवढं सांगून त्यांनी गाठोड्यातून एक निळा स्वेटर काढला आणि माझ्या मुलाच्या खांद्याला लावून बघितला. एक नंबर मोठा लागला.