जमिनीतून निघालेली चकती ओळखायची कशी?

सीपीआरसमोरचा टाउन हॉल बाहेरून न पाहिलेला माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. आतलं म्युझियम पाहिलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. हे म्युझियम १९४६ मध्ये सुरू झालं ते मुख्यतः ब्रह्मपुरीमुळे. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची आपली टेकडी. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांना १९४४-४५ च्या सुमारास तिथे ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला.

साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच बनावटीच्या. पण थोड्या वस्तू थेट रोमन साम्राज्यातून आलेल्या निघाल्या. समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती, दारू ओतायचा जग, आणि उठावाचं चित्र असलेली एक गोल चकती. चकतीवर पर्सिअस आणि अँड्रोमेडा. खडकाला बांधलेली राजकन्या आणि समुद्रातल्या राक्षसापासून तिला सोडवणारा वीर, अशी ती ग्रीक गोष्ट आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे पर्सिअस मला सहावीपासून माहीत होता. जोतिबाने रत्नासुराला मारलं हे मात्र कोल्हापुरात आल्यावर रूममेटने सांगितलं!)

आता गंमत बघा. ही चकती कुणाच्याही हातात दिली तर तो म्हणेल, पदक आहे, गळ्यात घालत असतील. अभ्यासक मात्र तिला 'एम्ब्लेमा' म्हणतात. रोमन कारागीर चित्राची चकती वेगळी बनवायचे आणि मग ती ताटलीच्या किंवा वाडग्याच्या मधोमध बसवायचे. भांडं गेलं तरी चकती उरते. म्हणजे आपण ज्याला पदक समजतो तो एखाद्या भांड्याचा तुकडा असू शकतो. चित्र कुणाचं आहे हे ओळखलं तरी वस्तू काय आहे ते कळलेलं नसतं. त्यासाठी चकती उलटी करायची. गळ्यात घालायची वस्तू असेल तर वर कडी किंवा भोक हवं, आणि तिथे दोरा-साखळी घासून झिजलेलं हवं. बसवायची चकती असेल तर मागची बाजू ओबडधोबड, डाक दिल्याच्या खुणा असलेली. नाणं असेल तर दोन्ही बाजूंना ठसा.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी: ती कशाबरोबर सापडली. ग्रीक गोष्टीची एक चकती कोल्हापूरच्या बाजारात सुटी मिळाली असती तर कुणीही म्हणालं असतं की एखाद्या गोऱ्या साहेबाने विलायतेहून आणली असेल. ती ब्रह्मपुरीत, पोसायडन आणि त्या जगाच्या सोबतीने मिळाली, आणि त्याच टेकडीवर सातवाहन काळाची वस्ती निघाली, म्हणून ती चकती आपल्याला सांगते की सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवर उतरलेला रोमन माल घाट चढून इथपर्यंत पोहोचत होता.

हे सगळं मी वाचायला लागले ते आमच्या मिनी प्रोजेक्टमुळे. रूममेट आणि मी मिळून मेटल डिटेक्टर केला, तो साधा बीएफओ प्रकारचा. दोन ऑसिलेटर, दोन्ही १०० किलोहर्ट्झच्या आसपास. एकाची कॉइल म्हणजे हातातली रिंग. धातू जवळ आला की कॉइलचं इंडक्टन्स बदलतं, फ्रीक्वेन्सी सरकते, आणि दोन फ्रीक्वेन्सींमधला फरक हेडफोनमध्ये ऐकू येतो. फ्रीक्वेन्सी इंडक्टन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून इंडक्टन्स फक्त १ टक्का बदललं तरी जवळजवळ ५०० हर्ट्झचा फरक पडतो. कान तो सहज पकडतो. तांब्या-पितळेत एडी करंट फिरतात आणि इंडक्टन्स कमी होतं, लोखंड जवळ आलं की सहसा वाढतं. त्यामुळे आवाज चढला की उतरला यावरून थोडाफार अंदाज येतो. पण तेवढाच! छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो. खोली दुप्पट झाली की सिग्नल चौसष्टपट कमी. त्यामुळे शिवाजी महाराजांच्या काळचा हंडा शोधू म्हणणाऱ्यांनी आमचं यंत्र मागायला येऊ नये. चार बोटं खोलवरचं बाटलीचं बूच सापडतं, आणि तेही पुष्कळ सापडतात.

दिवाळीच्या सुट्टीत रूममेट हे यंत्र शिरोळ तालुक्यातल्या तिच्या गावी घेऊन गेली. ऊस तुटून गेलेल्या रानात टेस्टिंग करताना नांगरलेल्या मातीत एक तुटकी चकती मिळाली. वरच्या बाजूला कडीचा उरलेला खुंट, एका अंगाला शेपटी आणि हातावर उचललेला डोंगर, म्हणजे मारुती. दुसऱ्या अंगाला इंग्रजी अक्षरांचे तुकडे आणि १८१८ हे साल. सालावरून घरात एकदम खळबळ. १८१८ म्हणजे पेशवाई संपली ते वर्ष! दोन दिवसांत कुणाच्यातरी ओळखीचे एक 'साहेब' घरी आले. मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाले, काका, हा राईस पुलर असू शकतो, परदेशात कोटीत जातो. फक्त टेस्टिंगचे पंधरा हजार आधी भरावे लागतील. काकांनी सोसायटीतून पैसे काढायची तयारी केली होती. तेव्हा रूममेटचा रात्री फोन आला, "यार, हे काय आहे ते तू तरी सांग." मी तिला चकती घेऊनच ये म्हटलं.

घासू नकोस हे आधी सांगितलं. चिंच, लिंबू, पितांबरी, काही नाही. हिरवट थर हा वस्तूच्या वयाचा पुरावा असतो, तो एका मिनिटात धुऊन जातो. नुसत्या पाण्यात माती भिजवून मऊ ब्रशने काढायची.

मग लॅब. तुकडा अर्धाच असला तरी मूळ व्यास काढता येतो. तुटलेली कड म्हणजे जीवा मानायची. ती आली ३० मि.मी., आणि तिच्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची १२ मि.मी. जीवेचा वर्ग भागिले आठ गुणिले उंची, अधिक उंचीचा निम्मा भाग. त्रिज्या १५.४, म्हणजे पूर्ण चकती साधारण ३१ मि.मी.ची. मग आर्किमिडीजची पद्धत: हवेत वजन ६.४२ ग्रॅम, पाण्यात दोऱ्याला टांगून ५.६६. फरक ०.७६, घनता ८.४५. शुद्ध तांबं असतं तर ८.९६ च्या जवळ आली असती. हे पितळ. मातीचा थर असल्याने शेवटच्या आकड्यावर पैज लावू नये, पण तांबं आणि पितळ यांतला फरक एवढ्यावर नक्की कळतो.

भिंगाखाली कड पाहिली तर मधोमध एक बारीक रेघ गोल गेलेली. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती रेघ, म्हणजे वस्तू ओतीव. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे. टांकसाळीत ठसा मारून पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात.

उरला इतिहास. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदू देवांचं नाणं कधी काढलंच नाही असं सरसकट म्हणतात, ते चूक आहे. मद्रासकडे तिने विष्णूची प्रतिमा असलेले सोन्याचे होन पाडले होते. पण राम, सीता, मारुती असलेले १८१८ चे 'आणे' तिने कधीच काढले नाहीत. कंपनीची सर्व प्रांतांसाठी सारखी नाणी १८३५ च्या कायद्याने आली, आणि त्यांवर देव नाहीत. देवाचं चित्र असलेले टाक, रामटंके देवस्थानांत पूर्वीपासून मिळत आणि घरी देव्हाऱ्यात ठेवले जात. त्याच धर्तीवर कंपनीचं नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी सालं टाकलेल्या चकत्या पुढे कारागिरांनी ढिगाने ओतल्या. यात्रेत आजही मिळतात. आमची चकती त्यातलीच, कडी लावून कुणीतरी गळ्यात घातलेली. रानात काम करताना तुटून पडली असेल.

राईस पुलरबद्दल इतकंच की तांबं किंवा पितळ तांदूळ ओढत नाही. तांदळात लोखंडाचे कण बसवून चुंबक लपवतात आणि 'डेमो' देतात. पुढे टेस्टिंग फी, केमिकलची फी, प्रवासखर्च असं मीटर चालू राहतं. अशा टोळ्या पोलिसांनी अनेक राज्यांत पकडल्या आहेत. काकांना मी घनतेचं गणित सांगितलं नाही. "तो खरंच कोटी देणार असेल तर पंधरा हजार त्यातून कापून घे म्हणा," एवढंच रूममेटकरवी कळवलं. साहेब परत आले नाहीत.

पण समजा चकती खरी निघाली असती तर? तेव्हा १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! १८७८ मध्ये ती रक्कम होती, आज त्यात एक वडापावही येत नाही, पण आकडा तोच आहे. न कळवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवल्यास, मूळ मालक कुणी निघाला नाही तर सापडणाऱ्याला साधारण तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही 'पुरावस्तू'. तिचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे 'परदेशात कोटीत जाते' हे वाक्य खरं असलं तरी गुन्ह्याचंच वाक्य आहे.

आमचं यंत्र चालतं हे कळल्यापासून वरच्या मजल्यावरची मंडळी पन्हाळ्याला जायचे बेत करतायत. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथे खणणं हा सरळ गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी, ब्रह्मपुरीची चकती कुणी एका रात्री फावड्याने काढून खिशात घातली असती तर आपल्याकडे फक्त एक छान चित्र उरलं असतं. कोणत्या थरात, कशाशेजारी, किती खोल, हे खड्ड्यात असतं, वस्तूत नसतं. म्हणून प्रोजेक्टचा सेट मी आता लॅबच्या कपाटात ठेवलाय, किल्ली लॅब असिस्टंट सरांकडे.

रानात, विहीर खणताना, घराचा पाया काढताना तुमच्या घरी काही निघालं तर तिथेच थांबून, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. खोली, तारीख आणि गट नंबर वहीत लिहा. कलेक्टरच्या अर्जात वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, जागा आणि तारीखच मागितलेली असते. वस्तू ओळखायला टाउन हॉलमध्ये चकरा मारायला मी यायला तयार आहे. सोमवारी म्युझियमचं दार उघडं आहे ना, एवढं आधी विचारून घ्या.