काळयंत्र बिघडलं कुठे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आवडलेल्या पुस्तकाबद्दल आपण चार लोकांत बोलतो, शिफारस करतो, उसनं देतो. न आवडलेलं पुस्तक मात्र 'ठीक होतं' एवढं म्हणून वाचनालयात परत करतो आणि विसरून जातो. आज मी अशाच एका न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. ते का आवडलं नाही हे शोधता शोधता आम्हा काही वाचकांना जे हाती लागलं, ते एखाद्या चांगल्या पुस्तकानेही क्वचितच दिलं असतं.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं हिवरखेड आहे. माझी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, एवढाच नियम. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही. कास्तकार आहेत, किराणा दुकानदार आहे, दोन गृहिणी आहेत, अकोल्याला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आहे. त्या महिन्यात कालप्रवासावरची एक मराठी विज्ञान कादंबरी निवडली होती. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव मी सांगत नाही, कारण तक्रार एका लेखकाची नाही. अशा प्रकारच्या बऱ्याच कथांमध्ये हाच बिघाड आढळतो.

कथा थोडक्यात अशी. पुण्यातला एक इंजिनिअर काळयंत्र बनवतो आणि १९७२ सालच्या आपल्या गावी जातो. त्याच्या वडिलांनी त्या वर्षी शेत विकलं आणि घर मोडलं. तो सौदा त्याला थांबवायचा असतो. पहिला अर्धा भाग खरोखर रंगतो. नायक जे जे करतो त्यातूनच सौदा जवळ येत जातो. त्याने दिलेल्या सल्ल्यामुळेच वडील सावकाराकडे जातात. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग मध्यावर अचानक त्याचा एक डाव जमतो, शेत वाचतं, तो परत येतो आणि सगळं छान झालेलं असतं. शेवटच्या प्रकरणात दुसरं जग, समांतर विश्व असं काहीबाही येतं आणि पुस्तक संपतं.

चर्चेला तोंड फोडलं दुकानदाराने. "सर, सुरुवातीले त ठरलं होतं नं, का जे झालं ते झालं, ते बदलत नाई? मंग मधातच कानून काऊन बदलला?" माझ्या मते सगळी समीक्षा या एका प्रश्नात आली. विज्ञान कादंबरी वाचताना आपण लेखकाला एक सूट देतो. काळयंत्र आज नाही, तरी ते आहे असं आपण मानून चालतो. या सवलतीच्या बदल्यात लेखकाने एकच गोष्ट पाळायची असते. त्याने स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत टिकला पाहिजे. कबड्डीत अर्ध्या खेळानंतर रेघ सरकवली, तर जिंकणाऱ्यालाही आनंद होत नाही.

कालप्रवासाच्या कथांमध्ये साधारण तीन नियम दिसतात.

पहिला नियम म्हणजे घडलेलं बदलत नाही. मागे गेलेला माणूस जे करतो तेही त्या घडलेल्यातच आधीपासून धरलेलं असतं. इगोर नोव्हिकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने ही कल्पना गणिताच्या अंगाने मांडली. काळात मागे जाणं शक्य असलं, तरी इतिहासात विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकणार नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्या कादंबरीचा पहिला अर्धा भाग याच नियमाचा होता आणि म्हणून तो चांगला होता.

दुसरा नियम म्हणजे भूतकाळ बदलता येतो, पण किंमत मोजावी लागते. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५२ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. एक शिकारी डायनोसॉरच्या काळात जातो आणि त्याच्या पायाखाली एक फुलपाखरू चिरडतं. तो परत येतो तेव्हा पाट्यांवरची अक्षरं वेगळी झालेली असतात आणि निवडणूक भलताच माणूस जिंकलेला असतो. या नियमात एक जुना पेच आहे. मी मागे जाऊन माझ्या आजोबांचं लग्नच होऊ दिलं नाही, तर मी जन्मणार नाही. मी जन्मलो नाही, तर मागे गेलं कोण? आमच्या कादंबरीतही तोच पेच होता. शेत वाचलं, तर शेत वाचवायला जाण्याचं कारणच उरत नाही. लेखकाने त्याकडे पाहिलंच नाही.

तिसरा नियम म्हणजे काळाला फाटा फुटतो. एका फाट्यावर जुनी हकिकत तशीच चालू राहते, दुसऱ्यावर नवी सुरू होते. भौतिकशास्त्रात ह्यू एव्हरेट याने १९५७ साली पुंजसिद्धान्ताचा अर्थ लावताना अनेक विश्वांची कल्पना मांडली, तिच्याशी याचं नातं जोडता येतं. मराठी वाचकाला हा नियम परका नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ सालच्या पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी तिळाएवढ्या अंतराने चुकली आणि मराठे जिंकले. ते परततात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरलेलं असतं. काटेकोरपणे पाहिलं तर हा कालप्रवास नाही, शेजारच्या जगातला प्रवास आहे. पण नारळीकर नियम बदलत नाहीत. आपल्या जगातलं पानिपत हरलेलंच राहतं. त्या पानाने ते दुःख कमी होत नाही, फक्त वेगळं काही होऊ शकलं असतं एवढं कळतं.

आमच्या कादंबरीने पहिल्या नियमावर सुरुवात केली, मध्यावर दुसरा घेतला आणि अडचण येताच तिसऱ्याच्या आडोशाला गेली. इंजिनिअरिंगच्या मुलाने बरोबर बोट ठेवलं. तो म्हणाला, "सर, फाटा फुटला असेल, तर ज्या फाट्यावर बाप हरला तिथं तो अजूनही हरलेलाच आहे. पोरगा फक्त स्वतः सुखाच्या फाट्यावर येऊन बसला." आमच्यातल्या एका काकूंचा आक्षेप घरगुती होता, पण तितकाच पक्का. बाप श्रीमंत झाला, तर पोरगा पुण्याला गेलाच असता कशावरून? गेला नसता, तर त्याची बायको त्याला भेटली कुठे? कादंबरीत मात्र तो परत येतो तेव्हा बायको तीच, मुलं तीच, घर तेवढं मोठं.

आता काही जण विचारतील, मुळात हे सगळं थोतांडच नाही का? तर नाही. काळात पुढे जाणं सिद्ध झालेलं आहे. आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगात असलेलं घड्याळ हळू चालतं, आणि गुरुत्वाकर्षण जास्त असेल तिथलंही हळू चालतं. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरच्या घड्याळांशी तुलना केल्यावर सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा असा फरक निघाला, आणि तो सिद्धान्ताशी जुळणारा होता. आज आपण मोबाइलवर रस्ता शोधतो, त्यामागच्या उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठेल. हिवरखेडहून निघालेला माणूस भलत्याच गावच्या शिवारात पोचेल.

नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा याच तत्त्वावर उभी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळालं. आपल्या पुराणातही अशी एक गोष्ट आहे. ककुद्मी राजा मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. थोडा वेळ थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात धरलेली सगळी स्थळं आणि त्यांचे वंशजही उरलेले नसतात. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. ही गोष्ट म्हणजे पूर्वजांचं विज्ञान, असा दावा मी करणार नाही. मात्र कथा सांगणाऱ्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. पुढे गेलेल्याला मागे येता येत नाही, आणि मधे जे गेलं ते गेलं.

मागे जाण्याचा प्रश्न अवघड आहे. १९४९ साली कुर्ट गोडेल या गणितज्ञाने दाखवलं, की आइनस्टाइनच्या समीकरणांना अशी उत्तरं असू शकतात ज्यांत प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात परत येतो. पुढची हकिकत मोठी गमतीची आहे. कार्ल सेगन हा खगोलशास्त्रज्ञ आपली 'काँटॅक्ट' ही कादंबरी लिहीत होता. नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे पटकन पोचवायचं होतं. कादंबरीत चूक राहू नये म्हणून त्याने किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं. थॉर्नने अवकाशातल्या बोगद्याची, म्हणजे कृमिविवराची वाट सुचवली. कादंबरी १९८५ साली आली. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करत १९८८ साली थॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा बोगदा काळयंत्र होऊ शकेल का, यावर शोधनिबंध लिहिला. याच थॉर्नला पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका कादंबरीकाराने प्रामाणिकपणे शंका विचारली, त्यातून विज्ञानालाही काम मिळालं.

स्टीफन हॉकिंगला मात्र निसर्ग असा प्रवास होऊच देणार नाही असं वाटत होतं, आणि १९९२ साली त्याने तसं अनुमान मांडलं. २८ जून २००९ रोजी त्याने भविष्यातून येणाऱ्या प्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी झाल्यावर जाहीर केली. कोणीही आलं नाही. त्याने तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून हसत हसत सांगितला. या प्रश्नाचा शेवटचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून लेखकाला मोकळीक आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही जास्त आहे.

आमच्या बैठकीत एका वयस्क कास्तकार भाऊंनी दोन गोष्टी काढल्या. पहिली तपशिलाची. कादंबरीत १९७२ सालच्या शिवारात सोयाबीन डोलताना दाखवलं होतं. भाऊ म्हणाले, "बाहत्तरले आपल्याकडं सोयाबीन कोन पेरे? तवा पऱ्हाटी होती, जवारी होती, तूर होती. लेखकाचं यंत्र बाहत्तरात गेलं, पन लेखक काई गेला नाई." सगळे हसले, पण मुद्दा खरा होता. सोयाबीन वऱ्हाडात पसरलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. भविष्यकाळ लेखकाने हवा तसा रंगवावा. भूतकाळ मात्र ज्यांनी भोगला ते अजून हयात आहेत, आणि पुस्तकही वाचतात.

दुसऱ्या गोष्टीवर कोणी हसलं नाही. ते म्हणाले, "आमचंबी चार एकर वावर असंच गेलं. बाप गेल्याले वर्षं झाली, पन ते मनातून जात नाई. मनून मी हे पुस्तक रातभर वाचलं. पन सर, ज्यानं आमचं वावर घेतलं, त्यानं तिथं हीर खोदली, संत्र्याचे झाडं लावले. त्याचे लेकरं त्याच वावरावर शिकले. मी मांगं जाऊन सौदा मोडला, त त्या लेकराईचं काय? कादंबरीत त्या मानसाचं नावबी नाई."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. दुकानदाराने पकडलेली चूक तर्काची होती, भाऊंनी पकडलेली माणुसकीची होती, आणि माझ्या मते दोन्ही एकाच जागी येऊन मिळतात. भूतकाळातला एक धागा ओढला, तर त्याला बांधलेले सगळे धागे हलतात. त्यात आपलं दुःख असतं, तसा दुसऱ्याचा संसारही असतो. नियम पाळणाऱ्या लेखकाला हे धागे मोजावेच लागतात. नियम सोडला, की पहिली सुटका होते ती या मोजणीतून. मग दुःख पुसणं फार स्वस्त होतं. ज्याने ते दुःख खरोखर सोसलं आहे, त्याला अशा स्वस्त सांत्वनाचा राग येतो. 'असं झालं नसतं तर' हा विचार ज्याच्या मनात वर्षानुवर्षं फिरतो, त्याला लेखकाने खोटं उत्तर देऊ नये. त्यापेक्षा उत्तर न देता कथा तिथेच थांबवली असती, तर भाऊंची तक्रार राहिली नसती.

एच. जी. वेल्सने १८९५ साली 'द टाइम मशीन' लिहिली. त्याचा प्रवासी ८,०२,७०१ या सालात जातो. यंत्र चालतं कसं, हे वेल्स जेमतेम सांगतो, आणि शास्त्राच्या कसोटीवर ते फारसं टिकणारही नाही. तरी ती कादंबरी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाचली जाते. प्रवाशाला भविष्य बदलता येत नाही, फक्त पाहता येतं, आणि पाहिलेलं सोबत घेऊन जगावं लागतं. परतताना त्याच्या खिशात दोन पांढरी फुलं असतात. तेवढंच त्याच्या हाती राहतं.

तेव्हा मंडळी, कालप्रवासाची कथा हाती आली, तर तीन गोष्टी पाहा. लेखकाने नियम कोणता घातला आणि तो शेवटपर्यंत पाळला का? ज्या काळात तो गेला त्या काळातलं पीकपाणी, भाव, बोलणं त्याला माहीत आहे का? आणि जे बदललं, त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली? या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत आणि तुम्ही निराश झालात, तर तुमची निराशा रास्त आहे असं समजा. ती मनात ठेवू नका, चार जणांत बोलून दाखवा.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. विज्ञानकथा कशी असावी याचा वस्तुपाठ त्यांनी मराठीत घालून दिला आहे, आणि आजही कोणत्याही बऱ्या वाचनालयात त्यांची पुस्तकं मिळतात. आमच्या मंडळींनी पुढच्या महिन्यासाठी त्यांच्याच कथा निवडल्या आहेत. निवड भाऊंनी केली. पानिपताची गोष्ट आधी वाचू, असं त्यांचं म्हणणं आहे.