अक्षरांचे शिक्षक

मुलांनो, 'क' हे अक्षर नीट पाहा. मध्ये उभा दंड आहे. डावीकडे गोल पोट आहे. उजवीकडे वळलेली शेपटी आहे. वर आडवी शिरोरेषा आहे. शेपटी काढून टाकली, तर 'क' चा 'व' होतो! म्हणून अक्षराचा प्रत्येक भाग मापात हवा.

हे माप कोण ठरवते? छापील अक्षरांचे माप अक्षररचनाकार ठरवतो. वस्तू सोयीची व सुबक व्हावी म्हणून आधी विचार करून तिचा आराखडा करणे, म्हणजे रचना करणे. खुर्चीची रचना करतात, कंदिलाची करतात, तशीच अक्षरांचीही करतात.

र. कृ. जोशी हे असेच एक मोठे अक्षररचनाकार होते. त्यांचे पूर्ण नाव रघुनाथ कृष्ण जोशी. त्यांचा जन्म १९३६ साली झाला. प्रथम त्यांनी मुंबईत जाहिरातींच्या क्षेत्रात काम केले. ते कवीही होते. पुढे १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रचना हा विषय शिकवला. शिकवता शिकवता ते अक्षरांचे संशोधनही करीत.

अक्षरांत संशोधन करण्यासारखे काय असते? पूर्वी लोक बोरूने लिहीत. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते. त्यामुळे एका दिशेने रेघ जाड उमटते, तर दुसऱ्या दिशेने बारीक. आपल्या अक्षरांचे वळण असे बोरूतून आले. पुढे छापखाने निघाले. तेथे शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत. त्यानंतर संगणक आला आणि नवे कोडे उभे राहिले.

इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली, की शब्द तयार होतो. आपले तसे नाही. मात्रा वर जाते, उकार खाली जातो. 'कि' म्हणताना आपण आधी क् उच्चारतो, पण पहिली वेलांटी मात्र क च्या आधी काढतो. 'स्त्री' या एका जोडाक्षरात स्, त्, र् आणि ई असे चार वर्ण असतात. हे सारे संगणकाला शिकवावे लागले.

शिवाय निरनिराळ्या संगणकांची पद्धत निरनिराळी होती. एकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले, की भलतीच चिन्हे दिसत! मग जगातील लिप्यांसाठी 'युनिकोड' ही एक पद्धत ठरली. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क' चा क्रमांक २३२५ आहे. पण क्रमांक म्हणजे अक्षराचे रूप नव्हे. रूप रचनाकाराने द्यावे लागते. जोशींनी देवनागरी लिपीसाठी 'मंगल' नावाचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा संच, तयार केला. इतर भारतीय लिप्यांसाठीही त्यांनी काम केले. 'मंगल' जगभरच्या असंख्य संगणकांवर पोहोचला.

याचा उपयोग किती दूरवर होतो पाहा. ओमान देशातील मस्कत शहरात हमरिया नावाची वस्ती आहे. तेथे अनेक भारतीय लोक राहतात. तेथील दुकानांच्या पाट्या अरबी आणि इंग्रजी भाषांत असतात. अरबी लिपी तर उजवीकडून डावीकडे लिहितात. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मुलीलाही गावाकडच्या आजीचे पत्र संगणकावर स्वच्छ मराठीत वाचता येते.

२००८ साली जोशींचे निधन झाले. त्यांचे विद्यार्थी त्यांचे काम पुढे नेत राहिले. अक्षर ही रोजची, साधी वस्तू. पण ती अशी का आहे, आणखी सोपी कशी होईल, असे प्रश्न जोशी विचारीत राहिले. नवनिर्मितीची सुरुवात अशा प्रश्नांतूनच होते. तुम्हीही तुमच्या गावातील पाट्या निरखून पाहा. कोणती पाटी लांबून वाचता येते? का बरे?

स्वाध्याय
१. 'क' आणि 'व' या अक्षरांत कोणता फरक आहे?
२. बोरूने काढलेली रेघ कोठे जाड, तर कोठे बारीक का उमटते?
३. संगणकाला मराठी अक्षरे शिकवणे अवघड का होते?
४. बोरूने किंवा चपट्या काडीने तुमचे नाव लिहा व वर्गात दाखवा.