गजकर्णाची कड पकडा!

‘रिंगवर्म’ म्हणणाऱ्या इंग्रजांना गजकर्णात किडा दिसला, आपल्याला हत्तीचा कान. प्रत्यक्षात गजकर्ण म्हणजे बुरशी. कातडी, केस नि नखांतल्या केराटिनवर पोसलेली. 1841 मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी डोक्यातल्या खवड्यांत ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा पाश्चरचा जंतुसिद्धांत यायचाच होता!

गोल चट्टा का? बुरशी खात खात बाहेर सरकते आणि मागची कातडी सावरत जाते. म्हणून खरा मुद्देमाल कडेवर. डॉक्टर बोथट ब्लेडनं तिथलाच कोंडा काचपट्टीवर खरवडतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोडं थांबतात. कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू तसेच राहतात : पारदर्शक, फांद्या फुटलेले, मध्येमध्ये आडवे पडदे असलेले. नवशिक्यांना मात्र कापसाचा धागाही बुरशीच वाटतो.

शिब्यांची बुरशी वेगळी. तिच्यात आखूड तंतू आणि गोल पेशींचे घोस एकत्र दिसतात. पाश्चात्त्य डॉक्टरांना त्यात स्पॅगेटी आणि मीटबॉल दिसले. आपल्याकडे शेवयांत साबुदाणा सांडला म्हणायला हरकत नाही. शिब्यांवर नख ओढलं की बारीक भुसा निघतो, हीसुद्धा एक तपासणीच. नमुना घ्यायला चिकटपट्टीही चालते.

चट्टा तपासायचा अंधाऱ्या खोलीतला जांभळा दिवा ही अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या काचेची करामत. मांजरा-कुत्र्यांकडून आलेली एक बुरशी या उजेडात केसांवर हिरवी चमकते, शिबी पिवळसर दिसतात. जांघेतला डाग पोवळ्यासारखा लाल उजळला, तर ती बुरशी नव्हे, बॅक्टेरिया! पण दिव्यावर फार विसंबू नये. आपल्याकडच्या नेहमीच्या गजकर्णाच्या बुरश्या त्याखाली चमकतच नाहीत.

बुरशीची जात हवी असेल तर ती वाढवावी लागते, फ्रेंच डॉक्टर साबुरो यांच्या साखर-पेप्टोनच्या खाद्यावर. चार आठवडेही लागतात. बुरशीला घाई नसते. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. हिंदीत दाद म्हणजे गजकर्णच, हा योगायोग मजेशीर. ज्याला झालंय त्याला नव्हे.

निदानाचा खरा शत्रू मात्र दुकानातून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम. खाज दोन दिवसांत पळते, लाली उतरते, कड पुसली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. या ओळख बुजलेल्या गजकर्णाला डॉक्टरी भाषेत ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेला नायटा म्हणतात. म्हणून चट्टा बघण्याआधीच डॉक्टर विचारतात, “काय लावत होतात?”

“नाव नाही आठवत हो. पण ट्यूबचं झाकण लाल होतं.”