दाबोळीचा सडा, मोपाचा सडा

विमानतळाच्या वाढीचा विषय निघाला की प्रवाशांची संख्या आणि प्रवासी इमारतीची भव्यता यांचीच चर्चा प्रथम होते. वस्तुतः ही वाढ जमीन आणि वेळ यांवर अवलंबून असते. गोमंतकातील दोन विमानतळांचा इतिहास पाहिला असता ही गोष्ट स्पष्ट होते.

मुरगाव तालुक्यातील दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीने 1950 नंतरच्या दशकात उभारला. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर बाह्य जगाशी संपर्क राखण्यास तो त्यांना उपयोगी पडला. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँबवर्षाव केला. मुक्तीनंतर हा तळ नौदलाकडे आला व 1964 साली नौदलाचे ‘हंसा’ केंद्र येथे स्थलांतरित झाले. नागरी वाहतुकीला तळाच्या एका भागात जागा मिळाली. पुढे 1980 नंतरच्या दशकात युरोपातून पर्यटकांची चार्टर विमाने येऊ लागली आणि ही जागा अपुरी पडू लागली.

दाबोळीची धावपट्टी आखूड नाही. तिची लांबी 3,400 मीटरांच्या आसपास आहे. अडचण होती ती वेळेची. कित्येक वर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंतचा काळ नौदलाच्या सरावासाठी राखीव असे. साहजिकच विमानांची गर्दी दुपारी आणि रात्री होई. डिसेंबर 2013 मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली, दालने प्रशस्त झाली. परंतु इमारत वाढल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत, तसेच विमाने उभी करण्याची जागाही वाढत नाही. 2018-19 या वर्षी येथून सुमारे 84 लाख प्रवाशांनी ये-जा केली. यात नौदलाला दोष देणे अन्यायाचे होईल. तळ त्यांचा, पाहुणे आपण.

दुसऱ्या विमानतळाची कल्पना यातूनच पुढे आली. पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यास केंद्र सरकारने 2000 साली तत्त्वतः मान्यता दिली. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल आदी गावांची जमीन त्यासाठी संपादन झाली आणि नोव्हेंबर 2016 मध्ये पायाभरणी झाली.

सडा म्हणजे पडीक माळ, असा समज शहरात सर्रास आढळतो. शेतकऱ्याला मात्र सड्याचे मोल ठाऊक असते. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी सड्यात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. खालची बागायत व विहिरी त्यावर जगतात. मोपाची धावपट्टी 3,500 मीटर लांब आहे. तिची रुंदी 45 मीटर आणि वर्षाचा पाऊस 3 मीटर धरला, तरी केवळ या पट्ट्यावर सुमारे 47 कोटी लिटर पाणी पडते. पूर्वी त्यातील बराच भाग मुरत असे. आता ते गटारांवाटे वाहते. ते कोठे नेऊन जिरवायचे, हा प्रश्न पायथ्याच्या गावांच्या दृष्टीने प्रवासी संख्येहून मोठा आहे.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परिसरातील वने व पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती मूळ अर्जात दिली नव्हती, असे न्यायालयास आढळून आले आणि मार्च 2019 मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित झाली. फेरविचारानंतर जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. अर्जातील एक रकाना नीट न भरल्यामुळे किती काळ वाया जातो, हे कार्यालयीन मंडळींनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन होऊन त्यास माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले, आणि 5 जानेवारी 2023 पासून वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची होती. येथे नौदलाच्या वेळापत्रकाचे बंधन नाही. त्यामुळे काही परदेशी कंपन्या दाबोळी सोडून इकडे आल्या. कतार एअरवेज 2024 मध्ये आली. पेडण्यात रोजगाराची अपेक्षा वाढली, तर वास्को-मडगाव भागातील टॅक्सीचालक व हॉटेल व्यावसायिक यांना आपल्या धंद्याची चिंता लागली. ती निराधार म्हणता येणार नाही.

पायथ्याच्या ग्रामस्थांसाठी एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रकल्पचालकाने दरवर्षी 1 जून व 1 डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल सादर करावयाचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. पंचायतीस किंवा कोणाही नागरिकास त्याची प्रत मागता येते.