पडद्यावरील अर्ज आणि त्याची पडताळणी

कचेरीच्या खिडकीशी अर्ज दिला, की कारकून तो वरपासून खालपर्यंत वाची, राहिलेल्या रकान्यावर बोट ठेवी आणि बाकीचा मजकूर तसाच राखून अर्ज परत करी. आता असे अनेक अर्ज संगणकाच्या पडद्यावर भरले जातात. तेथे खिडकी नसली, तरी कारकुनाचे काम उरतेच. ते अर्जातील लहान लहान घटकांकडे सोपविलेले असते. आणि त्यात हयगय झाली, तर तिची झळ अर्जदाराला लागते.

या कामाचा पहिला भाग स्मरणाचा. रकान्यात काय लिहिले आहे, अर्जदार तेथे एकदा येऊन गेला आहे काय, आणि कोणती चूक आढळली आहे, एवढे प्रत्येक घटकाने ध्यानात ठेवावे लागते. हीच अर्जाची अवस्था. दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला, तर कोऱ्या अर्जावरच तांबड्या अक्षरांत चूक उमटते. पहिलीचा पडला, तर एका चुकीपायी सारा मजकूर पुन्हा लिहावा लागतो.

दुसरा भाग पडताळणीचा. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट ही भाषा प्रसिद्ध केली. अमुक वस्तू म्हणजे संख्या, तमुक म्हणजे मजकूर, असे प्रकार तीत आधीच सांगता येतात. अँग्युलर या साधनात अर्जाच्या रकान्यांनाही २०२२ पासून असे काटेकोर प्रकार मिळाले आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने संख्येच्या जागी मजकूर वापरला, तर ही व्यवस्था त्याला तेथल्या तेथे टोकते. परंतु ब्राउझरमध्ये प्रोग्राम चालू होतो तेव्हा हे प्रकार पुसले गेलेले असतात. अर्जदार काय लिहील, यावर त्यांची सत्ता नाही. त्याने लिहिलेला मजकूर प्रत्यक्ष तपासून घ्यावा लागतो, आणि मगच त्याला संख्या वा दिनांक म्हणता येते.

पिन कोडचेच उदाहरण घ्यावे. १९७२ साली सुरू झालेल्या या क्रमांकात सहा अंक असतात आणि पहिला अंक शून्य नसतो. नियम सोपा वाटतो. पण एखाद्याने मुंबईचा ४००००१ हा क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला, तर? जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याची जी नेहमीची खूण आहे, ती केवळ इंग्रजी अंक जाणते. परिणामी बिनचूक लिहिणारा मनुष्य चुकीचा ठरतो. अशा वेळी अंकांचे रूपांतर आधी करावे आणि तपासणी मागाहून. चूक खरोखरच असेल, तर ‘अवैध’ असा कोरडा शेरा न मारता ‘सहा अंक हवेत, येथे पाचच आहेत’ असे सांगावे.

ब्राउझरमधील तपासणी टाळून सर्व्हरकडे मजकूर पाठविणे कठीण नाही. तेव्हा सर्व्हरने तीच तपासणी स्वतंत्रपणे पुन्हा केली पाहिजे. आणि दोन्हीकडचे नियम एकच असले पाहिजेत. नाहीतर पडद्यावर मान्य झालेला अर्ज आत जाऊन फेटाळला जाईल, आणि कोठे चुकले हे अर्जदाराला कळणारही नाही.